खुणेचा पिंजरा

परीक्षक साहेब, तुम्ही खोटं बोललात.

चुकलात असं मी म्हणत नाही. चूक कोणाचीही होते, माझ्याकडूनही फळी आखूड कापली जाते. तुम्ही जाणूनबुजून खोटं बोललात. अंगात इस्त्रीचा कोट, समितीच्या टेबलावर दोन्ही हात, आणि तोंडात एकच वाक्य. त्या वाक्याने तुम्ही सुटलात आणि माझ्या दाजींचा जन्माचा छंद मातीत गेला. त्या दिवशी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ज्यांनी नुसतं हसून घेतलं, त्यांनाही आता सगळं कळू दे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंदा कवळ्या बनवण्याचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा कारखाना. मान टेकायची एक खुर्ची, घासायची मोटर, खिडकीपाशी टेबल, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. प्रत्येक जबड्याखाली आकडा. नाव एकावरही नाही. नवीन माणूस खोलीत शिरला की त्याला वाटतं, सगळी भिंत आपल्याला हसतेय.

आणि मागच्या अंगणात, जाळीच्या खोलीत, बजरी. खरं नाव बजरीगर. मुठीएवढा पोपट. लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात आणि तसं म्हटलं की दाजींच्या कपाळाची शीर उडते.

"लव्ह कसलं डोंबलाचं," ताई म्हणते. "दिवसभर भांडतात. आमच्यासारखेच."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा सापडेना. शोधाशोध झाली. हा गडी पक्ष्यांच्या खोलीत, हातात उघडं गुलाबी पिल्लू धरून त्याच्या पायात कडी घालत बसलेला. ताईने विचारलं, "आजच घालायला हवी होती का?" तर म्हणाले, "पिल्लू काय नवरीसाठी थांबतं? पाय जाड झाला की कडी जात नाही. मग जन्मभर बिनकडीचा."

ही कडी नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबणार आहे. पक्षीपालक संघ दरवर्षी सभासदांना कड्या देतो. बिनजोडाच्या, अखंड. त्यावर वर्ष आणि मालकाचा क्रमांक, इतका बारीक की पिंजऱ्याबाहेरून वाचताच येत नाही. पिल्लू चार-पाच दिवसांचं असताना ती पायात गेली तर गेली. कडी नाही तर पक्षी प्रदर्शनात बसत नाही. पक्षी कितीही देखणा असू दे, कडीवाचून तो चिमणीइतकाच.

दाजींनी आयुष्यभर एकच घराणं वाढवलं. राखाडी. एक पिढी रुंद कपाळ द्यायची आणि पाठ वाकडी काढायची. दुसरी पाठ सरळ करायची आणि गळ्यावरचे ठिपके गिळायची. यातला त्यात घालायचा, त्यातला बाजूला ठेवायचा, आणि पुढच्या विणीची वाट बघायची. नोकरीवाल्याला पगार मिळतो, दाजींना अंडी मिळायची आणि त्यातली निम्मी पोकळ निघायची. पण शेवटी एक निघाला. कपाळ असं की डोळे त्याखाली झाकल्यासारखे. गळ्यावर सहा ठिपके, शाईचे थेंब पडावेत तसे टपोरे. दांडीवर बसला की खांदा न पाडता बसायचा. मला पक्ष्यातलं काही कळत नाही, मी पिंजरे बनवतो, पण त्याच्यापुढे उभं राहिलं की मीसुद्धा ताठ व्हायचो.

एकच भीती होती. आदल्या वर्षी दाजींचा असाच चांगला पक्षी ऐन वेळी हरला होता. परीक्षकाने तोंड जवळ आणलं आणि तो जो तळाला पडून फडफडला तो उठलाच नाही. म्हणून या राखाडीला दाजींनी तयार करायचं ठरवलं. तो बाकीच्या थव्यातून काढला, प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात घातला आणि पिंजरा कारखान्यात नेऊन ठेवला. खुर्चीच्या डोक्याशी, फळीवर. हेतू हा की दिवसभर परकी तोंडं बघून त्याची भीती मोडावी.

भीती मोडली. पण दाजी एक गोष्ट विसरले. आयुष्यात ते पक्ष्यांच्या खोलीत चकार शब्द बोलले नव्हते. थव्यातला बजरी थव्याचं ऐकतो, तो माणसाचं बोलणं उचलत नाही. एकटा ठेवलेला उचलतो.

* * *

हॉलमधले सगळे पिंजरे माझ्या हातचे होते. बाहेरून काळे, आतून पांढरे, दोन दांड्या, पुढे तार. सगळे एका साच्यातले. कोणत्याही पिंजऱ्याला टवका नको, डाग नको, वाकडी तार नको, कारण पक्षी कोणाचा हे परीक्षकाला कळता कामा नये. एखाद्या पिंजऱ्यावर ओळख पटेल असं काही सापडलं, तर त्याला म्हणायचं खुणेचा पिंजरा. पक्षी बाद आणि मालकाची चौकशी. नियम चांगला आहे. नियमावर माझा राग नाही.

परीक्षक बाहेरगावचा बोलवायचा, हाही नियमच. तुम्ही आलात. तुम्ही दारातून आत शिरताना दाजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, खाली बघितलं, आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण सुताराच्या मनातली पाल कोण विचारतो?

शेवटी दोनच पिंजरे उरले. एक राखाडी. दुसरा सलूनवाल्याचा हिरवा. सलूनवाला म्हणजे दाजींचा जुना दोस्त आणि जुना वैरी, संघात दोघं एकाच वर्षी आले. आम्ही सगळे दोरीच्या अलीकडे, श्वास धरून. तुम्ही काठीच्या टोकाने तार हलकेच टिचकवलीत. राखाडी दांडीवर आला, ताठ उभा राहिला. तुम्ही वाकलात. तोंड पार तारेपाशी नेलंत, जरासं उघडं. राखाडीने मान तिरकी केली, तुमच्या तोंडात बघितलं, आणि खरखरीत आवाजात म्हणाला:

"नाव सांगा. पूर्ण नाव. हं. आता हसा."

हॉल फुटला. लोक पोट धरून हसायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "फोटोवाल्याचा आहे रे हा!" संघात एक फोटो स्टुडिओवाला आहे. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो बिचारा दोन्ही हात वर करून म्हणाला, "अहो, माझा नाही! माझा पहिल्याच फेरीत घरी गेला!"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, साहेब. तुमची वळली नाही.

तुमचा डावा हात गालावर गेला. आणि तुमची नजर दोरीवरून, माणसांवरून, सरळ दाजींवर येऊन थांबली. मग तुम्ही ताठ झालात आणि म्हणालात, "हा पिंजरा खुणेचा आहे. मालकाने पक्षी पढवून आणलाय. बाद."

संघाच्या चिटणीसाने पिंजरा उचलला, उलटा केला, तळ ठोकला. राखाडी आत भिंतीवर आदळला. दाजी म्हणाले, "हळू." एवढंच. चिटणीस माझ्याकडे वळला, "सुतार, काय केलंयस यात?"

"खिळे मारलेत," मी म्हटलं. "प्रत्येकात मारलेत तेवढेच. मोजून घ्या, हवं तर तुमच्या डोक्यातही एक मारतो."

* * *

घरी आल्यावर मी विचारलं, "दाजी, पढवला कोणी?"

"कोणी नाही."

"मग आभाळातून शिकला?"

"माझं वाक्य आहे ते," दाजी म्हणाले. "नवी कवळी बसवली की मी नाव सांगायला लावतो. नावात माणूस अडखळत नाही, म्हणून अडखळला तर दोष दातांचा. मग हसायला सांगतो. रोजचं आहे."

"पण तो बोलतो हे तुम्हाला कळलं कसं नाही?"

दाजींनी पिंजऱ्यात पाणी भरायला घेतलं. ताई दारात उभी होती. ती आत निघून गेली. मला तेही खटकलं. त्या दिवसांत मला सगळंच खटकत होतं. कोणी पाणी दिलं तरी मी तळ बघून पीत होतो.

माझा पहिला संशय सलूनवाल्यावर. पहिला नंबर त्याला मिळाला होता. आणि प्रदर्शनाआधी तो दाजींच्या कारखान्यात येऊन तासन् तास बसायचा, अगदी त्या फळीखाली. कुठेतरी पाणी मुरतंय, हे आंधळ्यालाही दिसावं. मी त्याच्या दुकानात गेलो. विचार केला, सरळ विचारू नये, दाढी करता करता काढून घ्यावं. हा विचार किती मूर्खपणाचा आहे हे गळ्यावर वस्तरा आल्यावर कळलं.

"बोल," सलूनवाला म्हणाला. "दाढी करायला तू माझ्याकडे कधी येतोस? घरी खरवडतोस तू."

"ते वाक्य दाजींचं आहे, कवळी बसवताना म्हणतात. पक्षी कोणी पढवला?"

वस्तरा थांबला. "आणि तुला वाटतं मी."

"तुझा हिरवा जिंकला ना."

"जिंकला? बाद पक्ष्यापुढे जिंकला. समोर कोणी नसताना कुस्ती मारल्यासारखं. त्या बक्षिसाच्या ढालीकडे बघवत नाही मला, बायकोने तिच्यावर टॉवेल टाकून ठेवलाय." त्याने वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला. "मी पोपट पढवीन? दिवसभर या खुर्चीतली माणसं बोलतात ते ऐकून माझे कान किटलेत. घरी मला मुका पक्षीच लागतो. मान वर कर."

मी मान वर केली.

"आता मी विचारतो. तू त्या वेळी कोणाकडे बघत होतास?"

"फोटोवाल्याकडे. नाही, आधी परीक्षकाकडे."

"मी सबंध वेळ परीक्षकाकडेच बघत होतो. माझा पक्षी होता शेवटच्या दोनात, मी दुसरीकडे कशाला बघेन? पहिल्या नंबरचं कार्ड कुठे ठेवतोय तेच बघत होतो. कार्ड राखाडीच्या पिंजऱ्याकडे निघालं होतं. हात निम्म्यावर होता. मग तो पक्षी बोलला, आणि त्या माणसाने तुझ्या दाजींकडे बघितलं. सगळं जग फोटोवाल्याकडे बघत असताना." त्याने टॉवेल झटकला. "नाव सांगा, हसा, हे कोणी कवळीवाला म्हणतो, हे मला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे जातो, मला माहीत नव्हतं, गिऱ्हाईक आलं की ते मला बाहेर काढतात. माझे दात शाबूत आहेत ना."

मी आरशात बघत राहिलो. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडावर फेस.

"समजलं?" तो म्हणाला.

समजलं. ते वाक्य ज्याला ओळखू येतं, तो त्या खुर्चीत बसलेला असतो.

* * *

मी तसाच ताईकडे गेलो. दुपारची वेळ, कारखाना बंद. दाजी सामान आणायला गेलेले. आतून बोलण्याचा आवाज आला म्हणून मी दारातच थांबलो.

"नाव सांगा," राखाडी म्हणाला.

ताईने सांगितलं. आमच्या वडिलांच्या आडनावासकट, लग्नाआधीचं, शाळेच्या हजेरीत असायचं तसं.

"हं. आता हसा."

आणि ताई हसली. मी माझ्या बहिणीला तसं हसताना खूप वर्षांत ऐकलं नव्हतं. मी आत गेलो तेव्हा तिने पदराने तोंड पुसलं, जणू चोरून काही खाल्लं होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्यापासून. तो दुपारीच बोलतो. समोर एकच तोंड असलं आणि सगळं शांत असलं की. यांच्यासमोर मोटर चालू असते, तेव्हा गप्प."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर यांनी परत थव्यात टाकला असता. बोलका पक्षी प्रदर्शनाचा नाही, असं यांचंच म्हणणं." ती खुर्चीच्या हातावर बसली. "मला या घरात नाव कोण विचारतं रे? मी 'अगं' आहे, मी 'ऐकलंस का' आहे. तू सुद्धा ताईच म्हणतोस. हा रोज दुपारी विचारायचा. माझं माहेरचं नाव जिभेवर यायलासुद्धा वेळ लागला पहिल्या दिवशी. मला काय माहीत, तिथे जाऊन त्या माणसालाही विचारेल म्हणून?"

"त्या माणसाला म्हणजे?"

ताईने ओठ चावला. मग सगळं बोलून टाकलं. तुम्ही आला होतात, साहेब. प्रदर्शनाच्या बऱ्याच आधी, एकदा नाही, मापाला, साच्याला, बसवायला. दुपारी, दुकान बंद असताना, गळपट्टा नाकापर्यंत गुंडाळून. दार ताईनेच उघडलं. गावात कळू नये म्हणून तुम्ही आमच्या शहरात दात करायला आलात. तो तुमचा हक्क आहे, त्यात लाज काही नाही. शेवटच्या दिवशी दाजींनी तुम्हाला नाव सांगायला लावलं, आणि तुमच्या नावातला 'स' शिट्टी मारत होता म्हणून पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. दाजी घासायचे, तुम्ही सांगायचात. फळीवर राखाडी बसलेला. ताई म्हणते, जाताना तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, "कपाळ चांगलंय." तेव्हा तिला वाटलं, कोणी शौकीन असेल.

परीक्षक आहे हे तिला माहीत नव्हतं. दाजींनाही नव्हतं. तुम्हाला मात्र, राखाडी तुमच्यापुढे आला तेव्हा, सगळं माहीत होतं. तो पक्षी तुम्ही पाहिलेला होतात. त्याच वेळी बाजूला व्हायला हवं होतं तुम्ही. झाला नाहीत, कारण का म्हणून कोणी विचारलं असतं.

संध्याकाळी दाजी आले तसा मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. "उद्या समितीपुढे चौकशी आहे, तिथे सांगून टाका. तो तुमचं गिऱ्हाईक आहे. खेळ खल्लास."

दाजींनी आधी ताईकडे बघितलं. तिने मान खाली घातली. "मीच सांगितलं याला. आणि तो बोलतो हे मला माहीत होतं. दुपारी मला नाव विचारायचा."

मला वाटलं आता भडका उडणार. दाजींनी पिंजऱ्यातली वाटी काढून तिच्यात दाणे भरले. मग म्हणाले, "तू काय सांगायचीस?"

"माहेरचं."

"नीट निघायचं का?"

"निघायचं," ताई म्हणाली, आणि रडायला लागली.

दाजी माझ्याकडे वळले. "हे बघ. माझ्याकडे तोंडं येतात, माणसं येत नाहीत. दात काढून माणूस या खुर्चीत बसतो तेव्हा बायकोलाही न दाखवलेला चेहरा मला दाखवतो. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला लागलेली. त्या विश्वासावर हे घर चाललंय. तो चेहरा मी उद्या टेबलावर मांडू?"

"त्याने तुमचा मांडला ना!"

"त्याचं त्याच्यापाशी."

"दाजी, कड्या बंद करतील. घराणं संपेल तुमचं!"

 दाजींनी प्लास्टरच्या एका जबड्यावरची धूळ फुंकली आणि तो तोंड भिंतीकडे करून ठेवला. आकडा बघायची मला इच्छा झाली. बघितला नाही.

* * *

समितीची खोली तुम्हाला आठवत असेल. लांब टेबल, मधोमध अध्यक्ष, एका अंगाला चिटणीस, दुसऱ्या अंगाला तुम्ही. पिंजऱ्याचा कारागीर म्हणून मला बोलावलं होतं, म्हणून मी दाजींच्या शेजारच्या खुर्चीत.

"पक्षी तुम्ही पढवलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. शिकला."

"ते वाक्य कोणाचं?"

"माझं. कामावर म्हणतो मी."

"म्हणजे ओळख आहे. म्हणजे खूण आहे."

"तसं म्हणता येईल," दाजी म्हणाले. असा आरोपी मी जन्मात बघितला नाही. फास आणा म्हटलं तर दोरी पण स्वतःच वळून देईल.

"परीक्षक तुम्हाला ओळखतात का?"

 मी तुमच्याकडे बघत होतो. तुमचा अंगठा टेबलाच्या कडेवर पुढेमागे होत होता. एक वाक्य, दाजींचं एकच वाक्य, की तुमचे दात तुमच्या घशात. मी खुर्चीतून पुढे सरकलो, माझ्या तोंडात ते वाक्य आलंच होतं, तेवढ्यात टेबलाखाली दाजींचा जोडा माझ्या पायावर पडला. आणि तिथेच राहिला.

"तोंडओळख आहे," दाजी म्हणाले.

"म्हणजे काय?"

"कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. एवढंच."

अध्यक्ष तुमच्याकडे वळले. आता तुमची पाळी होती, साहेब. त्या माणसाने तुम्हाला झाकलं होतं. त्याच्या पांघरुणाचं एक टोक त्याच्यावरही ओढायला तुम्हाला काय लागत होतं? 'पक्षी आपोआप शिकला असेल, मालकाचा हेतू वाईट नसेल,' एवढं म्हटलं असतंत तरी नुसता इशारा देऊन सोडलं असतं. तुम्ही दोन्ही हात टेबलावर ठेवलेत आणि म्हणालात:

"साफ सांगतो, या शहरात मी कोणालाच ओळखत नाही. हा माणूस मला सामील करून घ्यायला बघत होता."

निकाल तिथल्या तिथे लागला. सभासदत्व रद्द. कड्या बंद. कायमच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या दिवशी खुर्चीत बसून बघितली, आणि माझ्या पायावर संन्याशाचाच जोडा होता.

बाहेर आल्यावर मी जिना उतरताना शिव्या देत होतो. दाजी मधल्या पायरीवर थांबले. मला वाटलं आता तरी काही बोलतील.

"'स' अजून शिट्टी मारतोय," ते म्हणाले. "ऐकलंस? साफ, सांगतो, माणूस, सामील. खालचा पुढचा भाग जरा उंच राहिलाय. आला तर घासून देईन."

* * *

नंतर सलूनवाला आला होता. त्याच्या क्रमांकाच्या कड्या घेऊन, रुमालात बांधून. "घाला माझ्या. कोणाला कळतंय?"

"आणि माझी पोरं तुझ्या आडनावाने वाढवू?" दाजी म्हणाले. दोघंही हसले. चहा झाला. कड्या परत गेल्या.

राखाडी आता कायमचा कारखान्यातच असतो. गिऱ्हाइकांना मोटर बंद झाली की नाव विचारतो. लोकांना मजा वाटते. दुपारी ताई त्याच्याजवळ बसते. दाजीही हल्ली दुपारी बाहेर जात नाहीत, पलीकडच्या स्टुलावर बसून असतात. परवा मी गेलो तेव्हा राखाडी म्हणाला, "नाव सांगा," आणि ताईने सांगायच्या आत दाजींनी सांगितलं. तिचं. माहेरचं, पूर्ण. मी बाहेरच्या बाहेर परत फिरलो.

पण मागच्या खोलीत विणीचे दिवस आलेत. राखाडीच्या घराण्यातली पिल्लं निघाली आहेत. काल मी विणीच्या पेटीचं झाकण दुरुस्त करायला गेलो होतो. दाजींनी एक पिल्लू काढून डाव्या तळव्यावर घेतलं होतं, डोळे न उघडलेलं, पोट टम्म फुगलेल्या भाकरीसारखं धपापणारं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी पिल्लाची तीन बोटं पुढे जुळवली. चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून ते पायावरून वर सरकवलं. मग दात कोरायच्या काडीने मागे अडकलेलं चौथं बोट अलगद सोडवलं. सगळं अगदी बरोबर, जसं जन्मभर केलं तसं. चिमटीत कडी नव्हती. पिल्लाचा पाय उघडाच होता. दाजींनी ते पेटीत ठेवलं आणि दुसरं घेतलं.

दोन-तीन दिवसांत ते पाय जाड होतील. मग देव जरी कडी घेऊन आला तरी जायची नाही.

तुमचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, साहेब. तेवढं दाजींसाठी. ते तुम्हाला कधीच काही विचारणार नाहीत, आणि तुम्ही उद्या गळपट्टा गुंडाळून दारात आलात तर ते तुम्हाला खुर्चीत बसवतील. पण मी कवळ्या करत नाही. मी पिंजरे करतो, आणि मला एकच विचारायचंय. भर हॉलमध्ये, सगळी माणसं फोटोवाल्याकडे बघत असताना, त्या पक्ष्याचा मालक कोण हे तुम्हाला एकट्यालाच कसं कळलं?

उत्तर द्या. समितीसमोर द्या, त्याच टेबलावर हात ठेवून. आणि पिल्लांचे पाय जाड व्हायच्या आत द्या.